११-३४ कॅसेट लावून भोर-मांढरदेवी-वाई केलं, त्याचा अनुभव

जानेवारीत २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, करायचीय, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, आणि मला सपाटीची भीती नाही, घाटाची आहे. म्हणून दिवाळीनंतर सायकलची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदलून घेतली. आधी ११-२८ होती, म्हणजे सगळ्यात लहान चकतीला ११ दात आणि सगळ्यात मोठीला २८, आता शिमानोची एचजी७००, ११-३४. गेल्या रविवारी तिच्यावर पुणे-कापूरहोळ-भोर-मांढरदेवी-वाई आणि त्याच रस्त्याने परत अशी साधारण १९० किलोमीटरची राईड झाली, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत घाट चढताना मजा आली असं पहिल्यांदा झालं.

पुढे माझ्याकडे ५०/३४ चा कॉम्पॅक्ट क्रँक आहे, म्हणजे पायडलजवळच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात. जुन्या कॅसेटवर सगळ्यात हलका गिअर ३४/२८ (पुढे ३४, मागे २८), म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल अडीच मीटरच्या वर पुढे जायची. आता ३४/३४ मध्ये ती २.१ मीटर जाते. आकडा छोटा वाटतो पण ८ किमीच्या स्पीडने चढत असाल तर आधी मिनिटाला ५२ फेरे पडायचे, आता ६३-६४ पडतात. ५२ वर गुडघ्यावर सगळा जोर येतो, उभं राहून दाबावं लागतं आणि वर पोचेपर्यंत मांड्यांत गोळे. ६३ वर बसून, श्वास लागला तरी तुटत नाही अशा लयीत चढता येतं. फरक एवढाच आहे पण दिवसभराच्या राईडला तोच सगळं ठरवतो.

पहाटे कात्रजवरून निघालो, मी आणि माझी मैत्रीण. हायवेचा भाग कंटाळवाणाच, तो उरकायचा. कापूरहोळला आत वळलं की जीव भांड्यात पडतो. भोरच्या अलीकडे नेकलेस पॉइंटला नीरेवर धुकं होतं, दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, पेंढ्याचा वास सगळीकडे. भोरात पोहे आणि दोन-दोन चहा. मग आंबाडखिंडीचा घाट. मागच्या वर्षी याच घाटात मी तीनदा उतरले होते, आणि डोळे कायम पुढच्या चाकावर, बाकी काही पाहिल्याचं आठवतच नाही. यावेळी ३० च्या दातावर सुरू केलं, वळणावर चढ वाढला की ३४, जरा सैल पडला की परत ३०, आणि बोलत बोलत वर. मागे वळून रोहिडा बघितला, वळणावळणाचा आत्ताच चढून आलेला रस्ता बघितला, एका मावशींनी शेळ्या बाजूला घेत "दमानं जा गं पोरी" म्हटलं त्यांना उत्तरही दिलं. न थांबता वर पोचलो! काळूबाईला बाहेरूनच हात जोडले. वाईकडच्या उतारावर धोमचं पाणी आणि पाचगणीचं टेबललँड दिसतं, तिथे मात्र मुद्दाम थांबलो, खूप वेळ.

वाईला गणपती घाटावर कृष्णेच्या कडेला अर्धा तास बसलो, खाल्लं, बाटल्या भरल्या. परतीला हायवेने खंबाटकीच्या बोगद्यातून यायची माझी तयारी नसते, ट्रकांच्या मध्ये सायकल नकोच, त्यामुळे परत मांढरदेवी चढलो. दुपारचं ऊन, शंभराच्या पुढे किलोमीटर झालेले, इथे ३४ सोडलंच नाही आणि तरी पाय शाबूत राहिले.

आता घेणाऱ्यांसाठी. नुसती कॅसेट घेऊन भागत नाही. माझ्याकडे शिमानोच्या १०५ मालिकेचं लहान केजचं डिरेलर होतं (डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, केज म्हणजे त्याचा खाली लोंबणारा हात), ते ३० दातांपर्यंतच चालतं, ३४ साठी लांब केजचं, जीएस लिहिलेलं घ्यावं लागलं. चेनही लांब लागते, जुनी चालणार नाही. त्यामुळे खर्च कॅसेटच्या किमतीपेक्षा बराच वाढतो, आधीच धरून चला. आणि एक महत्त्वाचं, ११ स्पीडच्या रोड सायकलच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ही कॅसेट बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर, म्हणजे एक पातळ कडी, टाकावाच लागतो, बॉक्समध्ये येतो तो. मी जिथे बसवून घेतली तिथे तो टाकायचा राहिला, कॅसेट हलत होती, गिअर उड्या मारत होते, दुसऱ्या दिवशी परत जाऊन नीट करून घेतलं. तुम्ही समोर उभं राहून बघा.

एक तोटाही आहे. अशी वाईड रेंज, म्हणजे मोठ्या पल्ल्याची कॅसेट घेतली की एका चकतीपासून पुढच्या चकतीपर्यंत दातांत अंतर जास्त. हिच्यात ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४ असे दात आहेत. हायवेवर ग्रुपमध्ये ठरावीक स्पीड धरायचा असतो तेव्हा १३ जड आणि १५ हलका असं होतं, मधला १४ आठवतो. सपाटीवर रेस मारणाऱ्यांनी जुनीच ठेवावी. पण आपल्याकडे घाट टाळून जाणार कुठे, पुण्यातून निघालं की कात्रज, दिवेघाट, ताम्हिणी काहीतरी आडवं येतंच.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पुढच्या रविवारी वाईपासून पसरणी घाट, पाचगणीपर्यंत. आणि मांढरदेवीला जाणार असाल तर पौष पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस सोडून जा, तेव्हा त्या रस्त्यावर सायकलला जागा नसते.