फिलर घालायचे पैसे घेतले, काढायचेही घेतले, गाठ तशीच

फिलर म्हणजे चेहऱ्यावरचे खड्डे आणि घड्या भरायला कातडीखाली टोचतात ते इंजेक्शन. त्यात माझे एकूण ६४,५०० रुपये गेले आणि डाव्या डोळ्याखालची गाठ अजून तिथेच आहे. पश्चिम उपनगरात स्टेशनाजवळ अशी ‘स्किन क्लिनिकं’ गल्लोगल्ली झालीत, म्हणून लिहितेय.

हे करायला गेलीसच कशाला, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, दिवसभर काउंटरवर बसते आणि रोज कुणीतरी ‘बरं नाही का?’ विचारतं. डोळ्यांखाली खड्डे पडलेत. भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं. पैसे माझ्या पगाराचे. हौस केल्याची मला लाज नाही, फसल्याची आहे.

लेडीज डब्यातल्या मैत्रिणीने जागा सुचवली. तिचे ओठ खरंच छान झाले होते. एका मिलीचे १८,०००. डोळ्यांखाली एक, नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्यांना एक, म्हणजे ३६,०००. क्लिनिकवाली म्हणाली, “हायल्युरोनिक अ‍ॅसिड आहे ताई, नाही आवडलं तर एका इंजेक्शनने विरघळतं.” हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळतंच, मी वाचून गेले होते. म्हणून तर विश्वास बसला.

तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये गॉजखाली झाकलेली सिरिंज आली. खोका नाही, सीलबंद पाकीट नाही, सिरिंजवर साधा स्टिकरही नाही. मी विचारलं, “खोका कुठाय?” ती म्हणाली, “आतच फोडतो ताई, इथे धूळ असते.” खोलीत एसी चालू, खिडकी बंद, कसली धूळ? मी तेव्हाच खुर्चीतून उठायला हवं होतं. पण तोंडाला भुलीचं क्रीम फासलेलं, १०,००० आगाऊ दिलेले, आणि समोर पांढरा कोट. माणूस उठत नाही. खऱ्या फिलरची भरलेली सिरिंज सीलबंद येते, सोबत बॅच नंबरचा स्टिकर असतो. तो मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. देत नसतील तर क्रीम पुसा आणि निघा.

सूज उतरलीच नाही. लग्नाच्या फोटोंत मी कुठेच समोरून नाही. तिसऱ्या महिन्यात बोटाला गाठ लागायला लागली. परत तिच्याचकडे गेले, कारण जिने घातलं तिलाच ते काढता येईल असं वाटलं, आणि कोणालाही असंच वाटलं असतं. एका वेळचे ९,५००, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा, २८,५००. इथेही सिरिंज तयारच आली. विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, आपल्याकडे बहुधा पावडरच्या छोट्या बाटलीत मिळतं. ते सलाईनमध्ये तुमच्यासमोर कालवायला सांगा. अ‍ॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे आधी हातावर टेस्ट करायला सांगा. मधमाशी चावून कधी खूप सुजला असाल तर ते आधीच बोला. मला यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. आणि परिणाम एक-दोन दिवसांत दिसायला लागतो. मला मात्र “अजून एक सिटिंग” ऐकवत दीड महिना लोंबकळत ठेवलं.

शेवटी एमडी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं, २,२०० रुपये, ते वरच्या हिशेबात नाहीत. पडद्यावर बर्फ पडत असल्यासारखा धुरकट पट्टा दिसला. “हे सिलिकॉनसारखं दिसतंय. हायल्युरोनिडेज कितीही घातलं तरी विरघळणार नाही.” स्टेरॉईडची इंजेक्शनं, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया, आणि तरी सगळं निघेल याची खात्री नाही. म्हणजे त्या तीन सिरिंजमध्ये नक्की काय होतं? पाणी?

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं आणि मग “मॅडम, तुम्ही स्वतःहून गेलात ना? डॉक्टरांच्या समितीचा अहवाल आणा.” अहो, ती डॉक्टरच नाही! महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तिचं नावच नाही. (हे तुम्ही सुई टोचून घ्यायच्या आधी बघा. मी नंतर बघितलं.) वॉर्ड ऑफिसात सांगितलं, नोंद पार्लरची आहे, आत काय टोचतात ते आम्ही बघत नाही. औषधांचं बघणाऱ्या ऑफिसात म्हणाले, रिकामी सिरिंज आणा, तपासतो. ती कचऱ्यात टाकणारी तीच, मी कुठून आणू? चार रजा गेल्या. प्रत्येक टेबलावर माझ्या तोंडाकडे बघून आधी एक कुत्सित नजर, मग पुढच्या टेबलाचा पत्ता. एकानेही माझी तक्रार लिहून घेतली नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईची ही गत, तर बाकीच्यांनी जायचं कुठे?

तोंडी तक्रार करू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. पैसे ऑनलाइनच द्या. माझे ३६,००० रोख गेले, ‘स्किन केअर’ लिहिलेली पावती तेवढी आहे. आणि इंजेक्शननंतर कातडी पांढरी-निळी पडली, भयंकर दुखलं किंवा धूसर दिसायला लागलं तर तिला फोन करत बसू नका, त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठा. डोळा जाऊ शकतो.

ग्राहक आयोगात मात्र अर्ज घेतला. राहत्या जिल्ह्यात करता येतो, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता.

मैत्रिणीला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या ओठांचीही सोनोग्राफी करून घे, मी येते सोबत. ती अजून हो म्हणालेली नाही.