भिडेखातर घेतलेला गालिचा

इस्तंबूलला जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, विशेषतः ज्यांच्या हातात तिथे एकच दिवस आहे त्यांच्यासाठी. आमचा तो दिवस आणि ४५० डॉलर, म्हणजे जवळपास ३८ हजार रुपये, एका गालिच्यापायी गेले.

युरोपातून परतताना विमान इस्तंबूलला बदलायचं होतं, म्हणून मुद्दाम एक मुक्काम घेतला होता. सकाळी आया सोफिया आणि निळी मशीद, दुपारी तोपकापी राजवाडा, संध्याकाळी सुलेमानिये मशीद असा बेत होता. ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने बांधलेली, १५५७ साली पुरी झालेली सुलेमानिये हेच माझं खरं कारण. कॉलेजात तिचा छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र, काढला होता, तेव्हापासून ती डोक्यात होती.

आया सोफिया २५ युरोंचं तिकीट काढून वरच्या सज्जातून पाहिली. तिथून निळ्या मशिदीकडे आलो. तिथे तिकीट नाही. पण ज्या दाराशी गेलो तिथल्या रखवालदाराने हाताने नको म्हटलं. आम्ही गोंधळून उभे असतानाच चाळिशीचा एक नीटनेटका गृहस्थ पुढे आला. चांगल्या इंग्रजीत म्हणाला, "हे दार नमाजाला येणाऱ्यांचं. पर्यटकांचं दार बाजूला आहे, चला दाखवतो." त्याने खरंच दार दाखवलं. चपला कुठे ठेवायच्या, मी ओढणी डोक्यावर कशी घ्यायची, सगळं सांगितलं. ह्यांनी पैसे पुढे केले, तर छातीवर हात ठेवून नाही म्हणाला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा तो तिथेच उभा होता.

मग गप्पा सुरू झाल्या. समोरच्या चौकाला तुर्कीत 'मेयदान' म्हणतात, तुमच्याकडेही मैदानच ना? दुकानाला 'दुक्कान', साबणाला 'साबुन', हवेला 'हवा'. मला भाषेचं वेड, मी हरखून गेले. म्हणाला, काकांचं दुक्कान दोन गल्ल्या पलीकडे आहे, घ्यायचं काही नाही, फक्त चहा प्या. ज्या माणसाने इतकं केलं त्याला नाही कसं म्हणायचं?

सगळा धंदा याच प्रश्नावर चालतो. आम्ही हावरटपणाने फसलो नाही, भिडेने फसलो. भीड भिकेची बहीण, असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आत गेल्यावर दार ओढून घेतलं गेलं. चिमुकल्या पेल्यांतून सफरचंदाचा चहा आला, तो संपायच्या आत दुसरा आला. 'काका' बोलत राहिले आणि एक म्हातारा नोकर वाकून वाकून गालिचे पसरत राहिला, तीस तरी असतील. त्याची पाठ बघून मला अवघडल्यासारखं झालं, आणि ते तसं व्हावं हीच योजना असते. शेवटी दोन बाय तीन फुटांचा निळा गालिचा आला. हेरेके, शुद्ध रेशीम, हाताच्या गाठी. हेरेके हे इस्तंबूलजवळचं गाव, गालिच्यांच्या जगात खरंच मोठं नाव आहे. १८४३ साली सुलतान अब्दुलमजीदच्या काळात तिथे शाही कारखाना निघाला आणि तिथल्या रेशमी गालिच्यात एका चौरस सेंटिमीटरला शंभराच्या आसपास गाठी असतात. काकांनी गालिचा गर्रकन फिरवला, तर रंग गडदाचा फिका झाला. "बघा, रेशीम!" १२०० डॉलरवरून आकडा ४५० वर आला आणि ह्यांनी कार्ड दिलं.

बाहेर पडलो तेव्हा तीन वाजून गेले होते. तोपकापी धावत पाहिला. सुलेमानियेचा घुमट आणि मिनार रात्री विमानतळाकडे जाताना गाडीच्या काचेतून दिसले, तेवढेच.

माझं माहेर येवल्याचं. मावशी पैठणीच्या मागावर बसायची. घरी परतल्यावर तिने गालिच्यावर हात फिरवला आणि काही बोलली नाही. कडेच्या दशांमधला एक दोरा तोडला, लवेतला एक तंतू उपटला आणि दोन्ही काडीवर धरले. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, राख काळी आणि चुरचुरीत होते. इथे कागद जळल्याचा वास आला आणि बोटांवर करडी, मऊ राख उरली. "व्हिस्कोस आहे गं," ती म्हणाली. म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला, रेशमासारखा दिसणारा धागा. रंग बदलण्याचं विचारलं, तर म्हणाली, लव असलेलं कुठलंही कापड फिरवलं की तसंच दिसतं.

बँकेकडे तक्रार केली. पिन तुम्हीच टाकलात, म्हणून हात वर केले. पावतीवर फक्त 'हाली', म्हणजे गालिचा, आणि रक्कम आहे. रेशीम, हेरेके, हातविणीचा, यातला एकही शब्द नाही.

तेव्हा घ्यायचंच असेल तर हे सगळे शब्द पावतीवर लिहून मागा आणि लवेतला तंतू तिथेच जाळून दाखवायला सांगा. दुकानदार कां-कूं करायला लागला तर उठा, चहा अर्धा राहिला तरी. निळ्या मशिदीच्या सुलतानअहमत भागात पर्यटक पोलीस आहेत, फसलात तर त्यांना त्याच दिवशी गाठा. आम्हाला कळलं तोवर आम्ही घरी होतो. अशीच आणखी एक युक्ती: गलाता पुलावर बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्या पुढ्यात पडला तर उचलून देऊ नका. तो आभार मानून फुकट पॉलिश करतो आणि मग आजारी मुलाचं सांगून पैसे मागतो. ब्रश पडत नाही, पाडतात.

नणंद पुढच्या महिन्यात जाते आहे. तिला निळ्या मशिदीचं पर्यटकांचं दार कागदावर काढून दिलं आहे आणि सुलेमानिये सकाळीच, सगळ्यात आधी बघायला सांगितलं आहे.