‘सीइंग थिअरी’: नर्सिंगच्या वर्गासाठी एक उपयुक्त संकेतस्थळ

ब्राऊन विद्यापीठात शिकत असताना डॅनियल कुनिन यांनी सुरू केलेले ‘सीइंग थिअरी’ हे विनामूल्य संकेतस्थळ संभाव्यता व सांख्यिकी हलत्या चित्रांतून शिकवते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी त्यातील बेझच्या प्रमेयाचा (नवी माहिती मिळाल्यावर एखाद्या गोष्टीची शक्यता किती बदलते हे सांगणाऱ्या नियमाचा) भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात आजार आणि चाचणी यांचेच उदाहरण आहे. समजा, १०,००० लोकांपैकी १०० जण आजारी आहेत आणि चाचणी त्यांतील ९० जणांना अचूक ओळखते, पण ९,९०० निरोगी लोकांपैकी ४९५ जणांनाही चुकीने पॉझिटिव्ह ठरवते. तर एकूण ५८५ पॉझिटिव्ह व्यक्तींमध्ये खरे रुग्ण जेमतेम १५ टक्के असतात. सूत्र पाठ करून न पटणारी ही गोष्ट, संकेतस्थळावर माणसे दाखवणारे ठिपके वेगळे होताना पाहिले की, मनात ठसते, आणि घाबरलेल्या रुग्णाशी बोलणाऱ्या परिचारिकेला ती ठाऊक असलीच पाहिजे.

विश्वास-अंतराल (नमुन्यावरून काढलेल्या अंदाजाची खालची-वरची मर्यादा) आणि मध्यवर्ती सीमा प्रमेय (मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्या साधारण घंटेच्या आकारात विखुरतात हे सांगणारा नियम) यांचे भागही उत्तम आहेत. मात्र मजकूर इंग्रजीत, थोडका आणि गणिती चिन्हांनी भरलेला असल्यामुळे, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनींसमोर तो शिक्षकाच्या निवेदनाशिवाय ठेवू नये. रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या नोंदींवरील सराव शिक्षकांनाच तयार करावा लागेल.