सांताच्या गाडीला कोण जुंपावं? खिलार, रेडा, घोडा, गाढव की माडग्याळ मेंढा

नाताळात सांताची गाडी काढायची ठरली की पुठ्ठ्याची आठ हरणं कापली जातात आणि रंग दिल्यावर ती हमखास सांबरं दिसतात. खरं रेनडिअर इथं आणायचा विचारही नको. बर्फाळ मुलखासाठी दुहेरी दाट केस घेऊन जन्मलेलं जनावर ते. सांगलीत डिसेंबरच्या दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. मग आपल्याकडचं कोण, एवढाच प्रश्न उरतो. रस्त्यावरची मिरवणूक, शाळेच्या पटांगणातली फेरी की नुसतं चित्र, हे आधी ठरवा, कारण उत्तर त्यावर बदलतं.

आठाचा आकडा 1823 च्या एका इंग्रजी कवितेतून आला. लाल नाकाचा नववा 1939 चा. नर रेनडिअरची शिंगं माज ओसरला की गळतात, माद्यांची वसंतापर्यंत टिकतात. म्हणजे 24 डिसेंबरला शिंगं मिरवत निघालेला ताफा माद्यांचा, नाहीतर खच्ची केलेल्या नरांचा. ओढकामाला तिकडंही खच्ची नरच वापरतात. आपला बैल या हिशेबात पहिल्याच फेरीत पास होतो. आठ जनावरांचंही अप्रूप नको: कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी-कुंद्यासारखं चिवट तण उपटायला लाकडी नांगराला चार-चार जोड्या लागत. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतले लोखंडी नांगर शिवारात आले आणि जोड्या कमी झाल्या.

आमचं मत खिलारच्या बाजूनं आहे, पण कुठल्याही खिलारच्या नाही. आटपाडी-म्हसवडकडचा उंचापुरा, मागे वळून वर गेलेल्या शिंगांचा बैल जात्याच तापट. शर्यतीचा बैल घेऊ नका. मागून आरोळी आली की पळायचं, एवढंच त्याला ठाऊक. शेतकामाची, वयानं पोक्त, एकमेकांच्या सवयीची जोडी बघा. उजवीचा बैल उजवीलाच जुंपा. बाजू बदलली की तो जोडीदाराला ढकलत राहतो आणि गाडी तिरकी चालते. डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा हंगाम. दिवसभर ऊस ओढलेली जोडी संध्याकाळी जुंपणं म्हणजे छळ. कायद्यानंही दिवसात एकूण नऊ तास आणि सलग पाच तासांपुढं काम घेता येत नाही. त्याच दिवशी पत्री, म्हणजे खुराची नाल, मारून आणू नका, पाय दुखरा असतो आणि नवी पत्री डांबरावर घसरते.

खरा घोळ गाडीत होतो. सांताच्या बर्फावरच्या गाडीला चाकांऐवजी असतात त्या घसरपट्ट्या डांबरावर चालत नाहीत, म्हणून टायरच्या बैलगाडीवर प्लायवूडचा साचा बसवावा लागतो. चित्रातल्यासारखं सांताचं आसन अगदी मागं ठेवलं, त्यावर भेटींची पोती रचली की गाडी उलाळ होते, म्हणजे मागं झुकते. जू वर उचललं जातं आणि गळ्यातली जुपणी बैलाला आवळते. आसन आखाच्या किंचित पुढं घ्या. फार पुढंही नको, मग सगळा भार मानेवर येतो. माणसं चढण्यापूर्वी पोती रचून जू हातानं उचलून बघा: हलकासा भार हाताला जाणवला पाहिजे. फोमची शिंगं लावू नका, बैलाला स्वतःची आहेत आणि दोघांची खोटी शिंगं एकमेकांत अडकतात. नाकाला लाल रंग तर नकोच. बैल नाक चाटत असतो, रंग पोटात जातो. लाल गोंडा म्होरकीला, तोंडावरच्या दोरीला, बांधा.

रेडा बैलापेक्षा संथ आणि गोंगाटाला कमी बुजणारा. काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळं ऊन सोसत नाही. सूर्य कलल्यावरच बाहेर काढा आणि आधी अंगावर पाणी मारा. पंढरपुरी म्हशीची लांब शिंगं शोभेला बहारदार, पण दुभती म्हैस गर्दीत नेली तर दुसऱ्या दिवशी पान्हा चोरते. आणि रेडा जुंपून येणारा पाहुणा आपल्याकडं वेगळाच समजला जातो, म्हाताऱ्या माणसांच्या दारात गाडी थांबवताना हे लक्षात असू द्या.

बँड लावणारच असाल तर घोडा. मात्र लग्नातल्या घोड्याला खोगीर माहीत असतं, ओढीचा साज नाही. मागच्या पायांना दांडी लागली की लाथ झाडतो आणि ताशा वाजला की जागेवरच नाचायला लागतो. टांग्याला चाललेला मिळाला तरच जुंपा, नाहीतर सांताला सरळ पाठीवर बसवा.

बालवाडीच्या पटांगणाला गाढवासारखं जनावर नाही. वीटभट्टीवरचं गाढव पाठीवर ओझं वाहतं, ओढत नाही. त्यामुळं गाडीचा हट्ट सोडा, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या हलक्या पिशव्या टाका आणि सांता शेजारून चालू द्या. मध्येच थांबलं तर ओढाताण नको. ते हट्टाला पेटलेलं नसतं, समोरची ओली फरशी किंवा चुन्याची रेघ बघून बिचकलेलं असतं. शिवाय येशूजन्माच्या देखाव्यात बैल आणि गाढव गव्हाणीपाशी असतातच, त्यामुळं ओळख करून द्यावी लागत नाही.

जत भागातला माडग्याळ मेंढा बिनशिंगी. त्याला जुंपू नये: एक वळला की सगळे वळतात, पट्टा लोकरीवरून सरकतो आणि लाखाच्या किमतीचं जनावर मालकही देणार नाही. पण त्याचं बाकदार नाक बाजूनं पाहिलं तर रेनडिअरच्या जवळ जातं, पुठ्ठ्यावर कापायला उत्तम.

कोयना-चांदोलीतला गवा आणि शेकरू फक्त कागदावर. दोघांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मोठा गवा टनाच्या घरात जातो. शेकरू जेमतेम दोन किलोचं, तरी झाडावरून झाडावर सहा मीटरपर्यंत झेप घेणारं. या सगळ्यांत हवेतून जाणारं तेवढंच एक. मुलांना चित्राला विषय द्यायचा तर हाच द्या. फक्त ते जमिनीवर फारसं उतरत नाही, म्हणून गाडीखाली रस्ता नको, एकमेकांना भिडलेल्या फांद्या काढायला सांगा. झाडं तुटक काढली की सांता तिथंच अडकला.