सायकलचे हेल्मेट: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या जुलैत सेनापती बापट मार्गावर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचे चाक अडकले आणि मी डाव्या अंगावर आपटलो. कोपर सोलवटले, चष्मा गेला. हेल्मेटवर मात्र बाहेरून एक ओरखडा तेवढा दिसत होता. घरी आल्यावर आतल्या गाद्या काढून पाहिले, तर कानशिलाच्या बाजूच्या थर्मोकोलला केसाएवढी बारीक भेग वरपासून खालपर्यंत गेलेली होती. हे थर्मोकोल स्वतः चिरडले जाऊन धक्का पोटात घेते आणि एकदा चिरडले की पुन्हा फुगत नाही, त्यामुळे नवे हेल्मेट घेणे आले. हा अभिप्राय त्या नव्या हेल्मेटचा आहे आणि ते जिथून घेतले त्या मध्य मुंबईतल्या दुकानाचाही.

दुकानात माल भरपूर होता आणि डोक्यावर घालून पाहायला कोणाची हरकत नव्हती, ही जमेची बाजू. माहितीच्या नावाने मात्र शिमगा. विक्रेत्या मुलाने पहिल्यांदा आयएसआय छापाचे एक जड हेल्मेट पुढे केले आणि ‘सरकारी मान्यतेचं’ म्हणून त्याची महती गायली. तो छाप आयएस 4151 या मानकाचा, म्हणजे मोटारसायकलस्वारांसाठीचा होता. ते घालून पायडल मारत पेडर रोडचा चढ चढायचा म्हणजे डोके शिजायचेच. मग त्याने आतल्या लेबलवर ईएन 1078 असे लिहिलेले, जेमतेम 300 ग्रॅम वजनाचे हेल्मेट काढले आणि म्हणाला, “घ्या काका, वरून ट्रक गेला तरी डोकं शाबूत राहील.”

हे वाक्य ऐकून गिऱ्हाईक खूश होते, पण ते साफ चुकीचे आहे. ईएन 1078 या युरोपीय मानकाच्या चाचणीत, आत नकली डोके बसवलेले हेल्मेट सपाट लोखंडी ऐरणीवर सुमारे दीड मीटर उंचीवरून पाडतात. आपटताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो आणि डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वत्वरणाच्या 250 पटींच्या आत राहावा लागतो. म्हणजे माझ्यासारखा माणूस आपल्या आपण घसरून पडला, तर त्या पडण्याचा हिशेब यात आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या गाडीत, वजन तेच धरले तरी, ऊर्जा 20 किलोमीटरच्या मानाने नऊपट असते. फेब्रुवारी 2024 मध्ये इंटेलचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी नेरूळजवळ पाम बीच रोडवर सायकल चालवत असताना मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने गेले. तशा धडकेपुढे दोन-अडीच सेंटीमीटर थर्मोकोलकडून काय अपेक्षा ठेवायची?

म्हणून हेल्मेट निरुपयोगी, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये 40 अभ्यासांतील 64 हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे 69 टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 129 मोटारसायकलवाल्यांना लागू आहे, सायकलवाल्यांना नाही. त्यामुळे घालायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आता वापराविषयी. मागची चकती फिरवली की हेल्मेट कवटीभोवती नीट आवळले जाते आणि चष्म्याच्या काड्यांना पट्ट्या अडत नाहीत. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे बसायला हवे. कपाळ उघडे टाकून मागे सरकवलेले हेल्मेट मरीन ड्राइव्हवर दर रविवारी सकाळी डझनाने दिसते आणि त्याचा उपयोग टोपीइतकाच. पट्ट्या कानाखाली जुळवून हनुवटीखाली एक बोट जाईल इतक्या घट्ट करायच्या असतात. ही साधी गोष्ट दुकानात कोणीही दाखवली नाही, मला ती घरी आरशासमोर करावी लागली. हवा खेळती राहते, पण पावसाळ्यात आतल्या गाद्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. त्या काढून धुता येतात, मात्र त्यांची जादा जोडी मिळत नाही. 2,200 रुपये घेतल्यावर ती द्यायला हरकत नव्हती.

दुकानाचे गुण मी आणखी एका गोष्टीसाठी कापतो. जुने हेल्मेट माप दाखवायला बरोबर नेले होते, तर मुलगा सहज म्हणाला, “ते ठेवून जा ना, पट्टा बदलून देतो एखाद्या पाववाल्या पोराला.” पहाटे सायकलवर पावाचे पोते लादून निघणाऱ्या त्या पोराला आतली भेग कशी दिसणार? मी हेल्मेट परत घेतले आणि घरी कात्रीने त्याचे पट्टे कापून मगच कचऱ्यात टाकले.