छोट्या उपग्रहाचं सौर पॅनेल वळवायला नायटिनॉलची तार घ्यावी की स्टेपर मोटर?

उद्यमबागेत ॲल्युमिनियमचं बिजागर वायरकटवर (तारेनं धातू कापणारं यंत्र) हवं तसं करून मिळतं. बेळगावात क्यूबसॅटची (10 सेंमीच्या ठोकळ्यांचा छोटा उपग्रह) जुळवाजुळव करणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं घोडं अडतं ते पुढं: पॅनेल फिरवणार कशानं? स्टेपर मोटर ठरावीक पावलांनी फिरते. नायटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू; त्याची तार करंटनं तापली की आखडते आणि पॅनेल ओढते.

आधी एवढं ठरवा: पॅनेल एकदाच उघडायचंय, दोन कोनांत बसवायचंय, की सूर्यामागं सतत फिरवायचंय? सतत फिरवायचं असेल तर मोटरच. पावलं मोजून ती हव्या त्या कोनात थांबते. पण तिच्यामागून गिअर येतो. साधं ग्रीस निर्वातात उडून सोलर सेलवर बसतं, म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण येतं. शिवाय आतल्या चुंबकामुळं मॅग्नेटोमीटर (पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र मोजून दिशा ओळखायचं यंत्र) चुकायला लागतो. 10 सेंमीच्या डब्यात एवढा पसारा मांडायचा कुठं?

तारेला यातलं काही लागत नाही. 0.15 मिमी जाडीच्या 10 सेंमी तारेचा रोध साडेपाच ओहमच्या आसपास. 0.4 अँपिअर सोडले की एक वॉटही न खाता ती 300 ग्रॅमच्या जोरानं ओढते. 3 टक्के आखडली तर 3 मिमी. 4 मिमीच्या तरफेवर 43 अंश. परत यायला स्प्रिंग हवी, आणि कोन धरून ठेवायला खटका, नाहीतर करंट चालूच ठेवावा लागेल. 1997 साली मंगळावरच्या सोजर्नर गाडीवर सोलर सेलवरची काच अशाच तारेनं बाजूला सारली होती.

खरी मेख उष्णतेत आहे. टेबलावर तार काही सेकंदांत निवते. निर्वातात हवाच नाही, त्यामुळं ती निवायला बराच वेळ घेते. टेबलावर ठरवलेला करंट तिथं जास्त होतो आणि तारेची शिकवण, म्हणजे तापली की आखडायची लावलेली सवय, बिघडते. उन्हातलं बिजागर बरंच तापतं, म्हणून 70 अंशांना आखडणारी तार नको, 90 ला आखडणारी घ्या. टोकं सोल्डर करू नका, क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून बसवा. तार दमतेही: प्रत्येक प्रदक्षिणेला एकदा हलवली तरी वर्षाला साडेपाच हजार खेपा होतात. आखडणं 3 टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं.

पॅनेल अंगालाच चिकटवायचा पर्यायही आहे. ऊन 60 अंश तिरपं पडलं की वीज निम्मी, पण बिघडायला काहीच नाही.

माझं मत विचाराल तर 1यू ला (एका ठोकळ्याचा क्यूबसॅट; 3यू म्हणजे तीन ठोकळे) चिकटवलेलं पॅनेल पुरे. 3यू ला तार आणि खटका. मोटर 6यू च्या पुढं, तेही पेलोडची, म्हणजे उपग्रहावरच्या मुख्य उपकरणाची, विजेची भूक मोठी असेल तरच. तार घेतलीत तर निर्वात चेंबरची तारीख आत्ताच मागून ठेवा.