गूगल ॲनालिटिक्स ४ की मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी: आधी काय लावावं?

साइटवर किती जण आले, हे कुठलंही टूल सांगतं. खरा प्रश्न पुढचा: आलेले कुठे अडले आणि का परत फिरले? त्यासाठी ही दोन फुकट टूल्स हमखास समोर येतात. दोन्ही ऑक्टोबर २०२० मध्ये आली, पण कामाची तऱ्हा अगदी वेगळी.

गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये (थोडक्यात जीए४) सगळं इव्हेंटवर, म्हणजे पाहुण्याच्या एकेका कृतीच्या नोंदीवर चालतं. पान उघडलं, फाइल उतरवली, बाहेरच्या लिंकवर क्लिक केलं, की नोंद झाली. 'एन्हान्स्ड मेजरमेंट' हे सेटिंग चालू असेल तर यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. जुन्या जीएची सवय असलेल्यांचा गोंधळ उडतो तो बाउन्स रेटवर. जुन्या जीएत एकच पान बघून परत फिरलेल्यांची टक्केवारी म्हणजे बाउन्स रेट. आता सेशन (साइटची एक भेट) १० सेकंदांहून जास्त टिकलं, दोन पानं पाहिली गेली किंवा एखादा की-इव्हेंट (खरेदीसारखी आपण महत्त्वाची ठरवलेली कृती) घडला, तर ते 'एंगेज्ड', उरलेलं बाउन्स. एकच लेख निवांत वाचून गेलेला वाचक पूर्वी बाउन्समध्ये जायचा, आता जात नाही. बदल योग्यच आहे, पण जुने-नवे आकडे शेजारी ठेवून 'बाउन्स घटला' म्हणत खूश होण्यात अर्थ नाही.

स्क्रोलच्या बाबतीत मात्र जीए४ तोकडं पडतं. आपोआप मिळणारा स्क्रोल इव्हेंट पानाच्या ९० टक्क्यांवर एकदाच नोंदला जातो. अर्ध्यावर सोडणारा आणि पहिल्याच परिच्छेदात कंटाळलेला, दोघे सारखेच. क्लॅरिटीचा स्क्रोल मॅप कुठल्या उंचीपर्यंत किती जण पोचले ते रंगात दाखवतो.

क्लॅरिटीची खरी ताकद रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे पाहुण्याची भेट व्हिडिओसारखी पुन्हा बघण्यात आहे. समजा, फॉर्मच्या दुसऱ्या पायरीवर लोक गळताहेत, एवढं जीए४ च्या फनेलने (कुठल्या पायरीवर किती जण उरले ते दाखवणाऱ्या अहवालाने) सांगितलं. कारण तिथे दिसत नाही. रेकॉर्डिंग लावलं की दिसतं: माणूस एका रंगीत चौकोनावर टॅप करतोय, काहीच होत नाही, पुन्हा करतोय. चौकोन बटणासारखा दिसतो, पण बटण नाहीच! अशा फुकट गेलेल्या क्लिकला डेड क्लिक म्हणतात, आणि वैतागून दणादण मारलेल्या क्लिकना रेज क्लिक. दोन्हींचे फिल्टर तयार मिळतात, त्यामुळे तासन् तास रेकॉर्डिंग बघत बसावं लागत नाही. अर्थात दोन-चार रेकॉर्डिंगवरून डिझाइन बदलायला घेणं घाईचं. आधी फनेलमध्ये गळती किती मोठी आहे ते बघा.

जाहिरातींवर पैसा जात असेल, तर कुठल्या मोहिमेतून आलेला माणूस खरेदीपर्यंत पोचला हे जाणायला जीए४ ला फाटा देता येणार नाही. पण साइट लहान असेल, तर मी आधी क्लॅरिटी लावेन. मोजक्या पाहुण्यांच्या टक्केवारीतून फारसं काही कळत नाही. त्यांचं वागणं बघून कळतं. दोन्ही एकत्र लावायलाही अडचण नाही. डेटा दुसऱ्याच्या हाती द्यायचाच नसेल, तर मॅटोमो हे तिसरं ॲनालिटिक्स टूल स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, पण तिथे हीटमॅप (पानावर कुठे किती क्लिक आणि स्क्रोल झाले ते रंगात दाखवणारं चित्र) आणि रेकॉर्डिंगला पैसे पडतात, शिवाय सर्व्हरची देखभाल आपल्याच गळ्यात.

काहीही निवडा, सेटिंग पहिल्याच दिवशी तपासा. जीए४ च्या एक्स्प्लोरेशनचा (स्वतः बनवायच्या सखोल अहवालांचा) डेटा मुळात २ महिनेच राहतो. तो १४ महिन्यांवर न्या, कारण पुसला गेलेला परत मिळत नाही. क्लॅरिटीत स्वतःच फॉर्म भरून रेकॉर्डिंग बघा, नाव आणि फोन नंबर नीट झाकले जाताहेत ना.